दोन काट्यांचं घड्याळ

"घड्याळ खोटं बोलत नाही, असं ते म्हणतात," सेविका म्हणाली. "म्हणजे खोटी मी."

वहिनींनी तिला पाणी दिलं. वहिनी खासगी तपास करायच्या आणि त्यांचे भावजी निवृत्तीनंतर त्यांची स्कूटर चालवायचे. आपलं डोकंही तपासात चालतं, असं भावजींचं प्रामाणिक मत होतं.

सेविका एका वृद्धांना सांभाळायची. पाचला ती निघे, तेवढ्यात त्यांचा मुलगा चष्म्याच्या दुकानातून येई. गुरुवारी वृद्ध न्हाणीघरात पडले आणि गेले. मनगटावरच्या घड्याळाची काच तडकली होती, काटे चार दहावर थांबले होते. म्हणजे ते पडले तेव्हा घरात ती होती. मुलाने तिला कामावर पाठवणाऱ्या संस्थेत तक्रार केली. आता तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं.

"साडेचारला मी त्यांना चहा दिलाय," ती म्हणाली. "रविवारपासून सारखं विचारायचे, किती वाजले म्हणून. मी निघतानाही विचारलं."

वय झालं की विसर पडतोच, भावजींनी मनात नोंद केली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास दोघं त्या घरी गेले. न्हाणीघराच्या खिडकीतून ऊन थेट तोंडावर आलं. भावजींना डोळ्यांवर हात धरावा लागला.

आधी सून बोलली. ती आठवडाभर माहेरी होती. सासऱ्यांनी कधी कशाला नाव ठेवलं नाही, असं तिने सांगितलं. "भाजी खारट झाली तरी मागून घ्यायचे."

मग मुलगा. त्याने घड्याळ आणून दिलं. अगदी स्वस्तातलं, सेलवर चालणारं. तासाचा आणि मिनिटाचा असे दोनच काटे. बाजूची चावी कडेला घट्ट टेकलेली. त्या चावीची आतली दांडी मध्यंतरी तुटली होती.

"नवी मीच बसवली, रविवारी दुपारी," तो म्हणाला. "ती लांब मिळते, कापून घ्यावी लागते. चष्म्याचे स्क्रू रोज कापतो, त्यात काय! जुनी शेजारी ठेवली आणि बरोब्बर तेवढीच कापली."

गुरुवारी यायला त्याला सहा वाजत आले होते, दुकानात गिऱ्हाईक अडकलं होतं. "न्हाणीघरात दिवा दिसला, म्हणून आधी तिकडेच धावलो."

"जुनी दांडी आहे?" वहिनींनी विचारलं.

होती, खणात. वहिनींनी सेविकेलाही बोलावून घेतलं.

"मला तर वाटतं कोणीतरी काटे फिरवले," भावजी म्हणाले.

"फिरवले ना. यांनीच, रविवारी." वहिनींनी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, बारीक खटका दाबून दांडी ओढून काढली आणि जुन्या दांडीशेजारी ठेवली. दोन्ही अगदी सारख्या. "जुनी तुटकी होती. तिचं टोक आत अडकलं होतं ना?"

"हो, चिमट्याने काढून टाकलं," मुलगा म्हणाला.

"ते टोक मापात धरायचं राहिलं. नवी आखूड झाली. चावी कडेला टेकली, पण दांडी पूर्ण आत गेलीच नाही. वेळ लावताना चावी ओढली की घड्याळ थांबतं, तसंच ते थांबून राहिलं. सेकंदकाटा असता तर तुम्हाला तिथेच कळलं असतं. चार दहा ही तुम्ही लावलेली वेळ."

त्यांनी दांडीवरची चावी फिरवून काढली, नुसती दांडी आत सरकवली आणि टाचणीने शेवटपर्यंत दाबली. घड्याळ भावजींच्या कानाला लावलं. ते चालत होतं.

"आणि चारच्या उन्हात दिवा कोण लावतं, भावजी? तुमचे तर डोळे दिपले होते. थंडीच्या दिवसांत लवकर अंधारून येतं, तेव्हा ते आत गेले. ही गेल्यानंतर, हे येण्याआधी. यात गुन्हेगार कोणी नाही. पण हिचा तर काहीच दोष नाही."

भावजींना ते 'किती वाजले' आठवलं आणि आपल्या मनातल्या नोंदीची लाज वाटली.

मुलाने जुनी दांडी उचलून हातात घेतली.

"रोज आल्यावर विचारायचो मी," तो म्हणाला. "बाबा, घड्याळ कसं चाललंय? म्हणायचे, झकास."

सुनेने तोंडाला पदर लावला. मुलाने फोन उचलला, सेविकेसमोरच संस्थेचा नंबर लावला आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं.