एक लिटर, दर तीन आठवड्यांनी

“तुमच्याकडचं सगळ्यात महाग इंजिन ऑइल द्या.”

बाहेर पावसानं चिकाटी धरली होती. तो दारातच थांबून पायपुसण्यावर बूट घासत होता — एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आमच्या दुकानात येतात ते गॅरेजवाले. त्यांच्या तेलकट बुटांना पायपुसणं माहीतच नाही. मला तिथेच हसू आलं.

“महाग हवं, की योग्य?” मी विचारलं.

“दोन्ही एकच नसतं का?”

“नसतं. गाडी कुठली आहे?”

“लाल.”

मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं... आणि त्याचे कान हळूहळू गाडीच्या रंगाचे झाले.

मामाच्या सुट्या भागांच्या दुकानात ऑइलचं काउंटर सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. मोटार इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला तेव्हा मामा म्हणाला होता, “कर हौस.” आता मेकॅनिक मामाला ओलांडून माझ्याकडे येतात आणि “ताई, हिच्यात काय घालू?” विचारतात. तेव्हा नुसती ‘लाल’ म्हणणाऱ्यांचं मला नवल नाही. पण अशांचे कान लाल होत नाहीत.

त्यानं फोनवर फोटो दाखवला. जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, रुंद गाडी. शिकार हेरून बसलेल्या मांजरीसारखी. मी नकळत शीळ घातली.

“ही तुमची?”

“बाबांची. पस्तीस वर्षं ड्रायव्हर होते ते, दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी ही घेतली, जुनी. आठ महिने चालवली, मग झटका आला. उजवी बाजू गेली.” त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. “आता रविवारी मी चालवतो आणि ते शेजारी बसून मला ओरडतात. ऑइल बदलायला झालंय म्हणाले. कुठलं, ते तुझं तू शोध म्हणाले.”

“आणि तुम्ही काय करता?”

ऑइल निवडायला हा प्रश्न लागत नाही. तरी मी विचारला.

“कवळ्या बनवतो.”

“काय?”

“दातांच्या कवळ्या. डॉक्टर साचा पाठवतात, मी दात बसवतो. या शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात.”

आतून मामा ओरडला, “अगं, जुनी गाडी आहे ना? मग जाड ऑइल दे! वीस-पन्नास दे!”

“मामा, टर्बो आहे तिला!” मी ओरडले आणि फळीवरून एक डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. “हे बघा. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो, इंजिन गार असताना ऑइल किती पटकन सगळीकडे पोचेल. तो जितका कमी तितकं बरं. दुसरा सांगतो, तापल्यावर ते किती दाट राहील. तुमच्या गाडीचा टर्बो भट्टीसारखा तापतो. साधं ऑइल तिथे जळून काजळी धरतं. म्हणून पूर्ण सिंथेटिक. झिरो-डब्ल्यू-चाळीस. आणि पुढच्या चित्रावर जाऊ नका. मागे बघा, तुमच्या गाडीच्या कंपनीची मान्यता छापली आहे का ते.”

तो मागचा मजकूर वाचायला वाकला. अक्षरं बारीक, त्यामुळे मीही वाकले. त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, मनगटावर प्लास्टरचा पांढरा डाग होता. त्या चार ओळी वाचायला आम्हाला फार वेळ लागला.

“कळलं?” मी विचारलं.

“नाही. पुन्हा सांगा ना.”

त्याला पहिल्यांदाच कळलं होतं. मला ते कळत होतं. तरी मी पुन्हा सांगितलं.

डबे उचलून निघताना तो दारात थांबला. “मग... आता परत कधी यायचं?”

“दहा हजार किलोमीटर, नाहीतर एक वर्ष. जे आधी होईल ते.”

“एक वर्ष?”

“चांगलं ऑइल आहे!” मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

तो गेला, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामाचं जाड ऑइल दिलं असतं तर हा माणूस चार महिन्यांत परत आला असता. मी स्वतःच्या हातानं त्याला वर्षभरासाठी वाटेला लावलं होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, काय सांगू! दुकानासमोरच्या रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी मी आवाजावरून ओळखायला लागले. ही डिझेल, ही तीन सिलिंडरची, हिचा पट्टा सैल झालाय... ज्या आवाजाची वाट बघत होते तो मी कधी ऐकलाही नव्हता. तरी वाटायचं, आला तर ओळखेन. मामी जेवणाचा डबा घेऊन यायची आणि मी घास हातात धरून दाराकडे बघत बसायचे. “कोण यायचंय?” ती विचारायची. “कोणी नाही,” मी म्हणायचे. आणि खरंच कोणी येत नव्हतं.

सव्वा महिन्यानं तो आला. पायपुसण्यावर बूट घासले — एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

“एक लिटर द्या. तेच. पातळी जरा खाली आली आहे.”

माझं मन एवढं हलकं झालं की डोकं चालेनासंच झालं. जोरात चालवणाऱ्यांच्या गाड्या थोडं ऑइल खातात, असं मी स्वतःला समजावलं आणि डबा दिला. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. मग पुन्हा. दर वेळी एक लिटर, आणि दर वेळी एक लिटर द्यायला लागतो त्याच्या दसपट वेळ. त्याच्याकडे गोष्टींचा तोटा नव्हता. एका आजोबांना तरुणपणी होती तशीच पुढच्या दातांतली फट कवळीतही हवी होती, कारण आजींना ती आवडायची. “दिलीत?” मी विचारलं. “दिली. आजी येऊन तपासून गेल्या,” तो म्हणाला. मी हसले की तो माझ्या दातांकडे बघायचा आणि मग चटकन नजर वळवायचा.

“काय बघता?”

“काही नाही. धंद्याची सवय.”

मामीनं त्याचं नाव ‘कवळीवाला’ ठेवलं.

चौथ्या लिटरला मात्र मी भानावर आले.

“मधे गाडी किती चालली?”

“साधारण... शंभर-सव्वाशे किलोमीटर.”

सव्वाशे किलोमीटरला एक लिटर! “निळा धूर येतो का?”

“धूर? नाही. म्हणजे... थोडासा?”

“जमिनीवर डाग पडतात?”

“बघितलं नाही.”

मी त्याला एक मोठा कोरा पुठ्ठा दिला आणि रात्रभर गाडीखाली ठेवायला सांगितला. दोन दिवसांनी त्यानं तो परत आणला. पांढरा स्वच्छ, एक थेंबही नाही. तो खूश दिसत होता. माझी मात्र झोप उडाली. गळत नाही याचा अर्थ जळतंय. एका माणसानं पस्तीस वर्षं दुसऱ्यांची चाकं फिरवून जी एकच गाडी स्वतःसाठी घेतली, तिचं इंजिन मी निवडलेल्या ऑइलनं खलास होतंय. मामा म्हणाला, “सांगत होतो ना, पाण्यासारखं पातळ आहे ते!” मला उलटून बोलता आलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा एका मेकॅनिकला डबा देताना माझा हात अडखळला.

“गाडी दुकानात आणा,” मी त्याला तीनदा सांगितलं. तीनदा त्यानं काहीतरी कारण काढलं.

शेवटी एका रविवारी सकाळी पावतीवरचा पत्ता शोधत मीच गेले.

बैठं घर होतं. गॅरेजचं दार उघडं होतं आणि चाकांच्या खुर्चीत बसलेले एक गृहस्थ डाव्या हातानं त्या लाल गाडीचा आरसा पुसत होते. मी कोण, कुठून आले, कशासाठी आले ते एका दमात सांगितलं.

“ऑइलवाली?” ते म्हणाले. शब्द जरा जड येत होते, पण डोळे लखलखीत होते. “ये, पोरी. बघ तूच.”

मी बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ऑइल अगदी वरच्या खुणेला टेकलेलं होतं. मधासारखं. बोटांवर चोळून पाहिलं, वास घेतला. जळकटपणाचा मागमूसही नव्हता. इंजिन ठणठणीत होतं.

“मग चार लिटर गेलं कुठे?”

बाबांनी नुसती मान वळवली. भिंतीवरच्या फळीवर माझे चारही डबे ओळीनं उभे होते. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

“मी विचारलं त्याला,” बाबा म्हणाले, “काय दुकान काढतोस का?”

तेवढ्यात आतल्या दारातून तो आला. हातात भाताची वाटी आणि चमचा. मला पाहिलं आणि जागीच खिळला.

“तुम्ही...”

“धूर थोडासा येतो ना?” मी पट्टी त्याच्यासमोर धरली. “महिनाभर मी धड झोपले नाही! मला वाटलं, मी तुमच्या बाबांची गाडी संपवली. मामाला तोंड वर करून बोलता येईना. आणि तुम्ही मला कोरा पुठ्ठा आणून दाखवता?”

“चुकलं माझं,” तो म्हणाला. कुठलीही सबब नाही. “फार चुकलं. तुम्हाला काळजी वाटेल हे मला सुचलंच नाही. एक वर्ष म्हणालात तुम्ही... मला एक वर्ष थांबता येईना.”

वाटीतून वाफ येत होती. मग बाबांनी डावा हात पुढे केला. “ती वाटी दे इकडे. डावा हात आहे मला. आणि किल्ली तिला दे. दोघांचीच जागा आहे गाडीत, मी आज शेजारच्या तात्यांशी पत्ते खेळतो.”

“बाबा, रविवार तुमचा—”

“मला ओरडायचा कंटाळा आलाय. तिचा हात बघितला मी, पट्टी कशी धरली होती. ती नीट चालवेल.”

मी वर्षानुवर्षं असल्या गाड्यांची ऑइलं विकली, पण चाक कधी हातात आलं नव्हतं. सीटमध्ये बसले तर जणू खड्ड्यातच उतरले. तो शेजारी बसला, गुडघे छातीशी. मी किल्ली फिरवली. त्या आवाजानं माझ्या मणक्यातून काहीतरी सरसरत गेलं.

“निघायचं?” त्यानं विचारलं.

“अजून नाही. ऑइल गार आहे. तापमानाचा काटा वर येऊ दे.”

काटा हलायला तयार नव्हता. तो समोर बघत बोलायला लागला. “तुम्हाला सांगायचं होतं. दर वेळी घरून ठरवून निघायचो. पण या घरात बाबांना उठवावं लागतं, अंघोळ घालावी लागते, भरवावं लागतं... मी हे घर सोडून कुठे जाऊ शकत नाही. असल्या माणसानं कुणाला काय विचारायचं? म्हणून डबा मागायचो. डबा मागणं सोपं होतं.”

“मला कुठे जायचंय, ते विचारलंस कधी?”

‘विचारलंस’ हे माझ्या तोंडून निघून गेलं, आणि परत घ्यावंसं वाटलं नाही. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. या वेळी नजर हटवली नाही.

“मग विचारू?”

“विचार.”

“पुढच्या रविवारी येशील?”

“येईन.”

“त्याच्या पुढच्या?”

“येईन. सोमवारी दुकान उघडायला सोडशील ना पण?”

तो हसला. ते हसू त्याचं स्वतःचं होतं, कुठलीही कारागिरी नसलेलं, थोडं वाकडं. त्यानं गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. तो गार होता. मी माझा हात तसाच राहू दिला. तेवढ्यात काट्यानं खालची खूण सोडली, आणि मी त्याच्या हातासकट पहिला गिअर टाकला.