तिसरा पुकारा

कोर्टातून जुन्या दाव्याची नक्कल काढायची म्हणजे काय, हे मेघाला चौथ्या खेपेपर्यंत चांगलंच कळलं होतं. तालुक्याचं नाव मी सांगत नाही. तापीकाठी आहे, एवढं पुरे. उगाच तिथल्या कारकुनांशी वैर कशाला?

काम म्हणाल तर साधं. तिचे सासरे सुकदेवनाना यांनी १९९१ साली शेतरस्त्याचा दावा जिंकला होता, बांधाशेजारच्या झुलाल तोताराम पाटलावर. झुलाल पुढच्याच वर्षी वारला, मेघा लग्न होऊन यायच्या कितीतरी आधी. रस्ता तेव्हापासून बिनबोभाट चालू. पण या एप्रिलात झुलालचा नातू तेजस याने रस्त्यात आडवी चारी खणली, काटेरी तार ओढली आणि म्हणाला, "कागद दाखवा, मग जा." कागद नानांच्या पेटीत होता. पेटी उघडली तर वाळवीने त्याचा भुगा केलेला. इकडे केळी कापणीला आलेली. सावद्याच्या केळी-व्यापाऱ्याचा, लखीचंदशेठचा ट्रक बांधाला लागला नाही, तर चार हजार खोडांचे घड दोन किलोमीटर डोक्यावर कोण वाहणार? बाग उभ्या उभ्या पिकून सडायची. सोमवारी तहसीलदारांसमोर सुनावणी होती. आज शुक्रवार. आजचा दिवस गेला की संपलंच.

पहिल्या खेपेला तिला विचारलं, दाव्याचा नंबर काय? नंबर कोणाला ठाऊक! दुसऱ्या खेपेला नोंदवही बांधणीला गेली होती. तिसऱ्या खेपेला वही आली, तर त्यातलं नेमकं ते पान फाटलेलं. आता कपाळावर हात मारायचा की कारकुनाच्या टेबलावर, तुम्हीच सांगा.

नानांना विचारून उपयोग नव्हता. दोन वर्षं खाटेवर. घास भरवावा लागायचा. नंबर विसरले, पण निकाल नाही विसरले. पूर्वी लग्नाकार्यात चार माणसं जमली की सांगायचे, "तीनदा पुकारा झाला, झुलाल काही आला नाही! एकतर्फी हुकूम!" पुकारा म्हणजे शिपायाने कोर्टाच्या दारात उभं राहून, नाव घेऊन मारलेली हाक. तीन हाकांना ओ दिली नाही तर तुम्ही गैरहजर, मग भले तुम्ही पाच पावलांवर नळाचं पाणी पीत असा. त्या धाकाने माणसं दिवसभर बाकाला चिकटून बसतात.

त्या दिवशी मात्र व्हरांडा रिकामा होता. दुपारचे दोन. लाइट गेलेली. रेकॉर्ड रूमच्या दारातून जुन्या कागदांचा आणि डांबरगोळ्यांचा वास बाहेर येत होता. आत सुलक्षणा मॅडम, नक्कल देणाऱ्या कारकून बाई, मोबाइलच्या उजेडात लाल फडक्यांचे गठ्ठे उलगडत होत्या. बाई भल्या होत्या, पण त्याही दमलेल्या.

"ताई, एक्क्याण्णव सालचे गठ्ठे चाळीस आहेत. नंबराशिवाय मी आज कुठवर शोधू?"

मेघा बाहेर येऊन बाकावर बसली. पाय दुखत होते, डोकं दुखत होतं, रडायलासुद्धा अंगात जोर नव्हता.

"सुकदेवना दावा ना, बेटा?" शेजारून कोणीतरी बोललं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर, पायात काही नाही. तो कधी येऊन बसला, ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"एकशे सेहेचाळीस नंबर शे. साल एक्क्याण्णव."

गावाकडे लोकांना एकमेकांचे दावे तोंडपाठ असतात, त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मेघा उठून आत धावली. पाच मिनिटांत सुलक्षणा मॅडमनी फाइल काढलीसुद्धा. "लाइट आली की झेरॉक्स मारून शिक्का देते. बसा जरा," त्या म्हणाल्या. मेघा बाहेर आली. तिला वाटलं, त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावं.

"आबा, देवासारखे भेटलात. नाव काय तुमचं?"

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला, नुसता हसला. "माले आयकू येत नही, बेटा. सकायपासून आठे बसेल शे. मना पुकारा व्हयना का?"

"नाही झाला अजून!" ती ओरडून म्हणाली.

"व्हयना की हाक मारशी ना माले?" तो थोडा सरकून बसला. त्याच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता, आणि बाहेर तर नुसतं रखरखीत ऊन. "मागला खेपे एकजण बठेल व्हता मनाजोडे. असाच, आठेच. त्याले सांगं व्हतं मी, हाक मार म्हणून. पुकारा व्हयना… आणि तो एकलाच उठीसन मजार चालना गया."

ऐकू न येणारं माणूस, विश्वासाने बसलेलं, आणि शेजारचा त्याला बाकावर तसाच सोडून आत निघून गेला! असली माणसं असतात तरी कशी?

"मी मारीन हाक, आबा. तुम्ही निवांत बसा."

मग ऊन, थकवा आणि ती शांतता… तिचा डोळा लागला.

हाकेनेच ती जागी झाली. लांबून, जणू दोन खोल्यांपलीकडून कोणीतरी खड्या आवाजात पुकारत होतं. पहिली हाक झोपेत गेली होती की दुसरीही, कोण जाणे. तिच्या कानावर आलं ते एवढंच, "…राम पाटीऽऽल… हाजिर होऽऽ!"

व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे आबांचाच पुकारा. तिने घाईघाईने त्यांच्या दंडाला हात घातला.

"आबा, उठा! पुकारा झाला तुमचा!"

दंड सदऱ्याच्या आत सापडलाच नाही. नुसतं कापड मुठीत आलं. पण म्हातारा उठला, अगदी ताठ उठला, आणि कोर्टाच्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "हजर शे!"

त्याच क्षणी लाइट आली. डोक्यावरचा पंखा करकरत फिरू लागला. म्हातारा आत निघून गेलेला. मेघा कोर्टाच्या दाराशी गेली. दाराला बाहेरून कुलूप होतं.

ती रेकॉर्ड रूममध्ये परतली. "मॅडम… आत्ता पुकारा कोणी केला?"

"पुकारा?" सुलक्षणा मॅडम झेरॉक्सच्या मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या. "साहेब रजेवर आहेत आज. सगळ्यांना सकाळीच तारखा दिल्या. शिपाईसुद्धा घरी गेला." त्यांनी पानांवर खरी नक्कल असा शिक्का मारला, सही केली. "घ्या. सुटलात एकदाच्या."

पाचला पाच मिनिटं कमी होती. मेघाने उभ्या उभ्या पानं उलटली. सुकदेव श्रावण पाटील, वादी. झुलाल तोताराम पाटील, प्रतिवादी. तोताराम पाटील. तिने ते नाव मघाच्या हाकेसारखं लांबवून ओठांत एकदा म्हटलं. मनाजोडे एकजण बठेल व्हता… तो एकजण कोण, ते आता कोणी सांगायची गरज उरली नव्हती. ज्या रस्त्यावरून तीस-पस्तीस वर्षं घरात धान्य आलं, पोरांच्या फिया भरल्या, तो असा मिळाला होता तर. तिला नानांचा राग आला, आणि लगेच खाटेवरचा तो हाडांचा सापळा आठवून दयाही आली.

शेवटचं पान रोजनाम्याचं होतं. तारीखवार काय झालं ते कारकुनाने हाताने लिहिलेलं. वळणदार, जुनं अक्षर. शेवटची नोंद अशी:

"तिसऱ्या पुकाऱ्यास प्रतिवादी हजर. वादीच्या सुनेने हाक मारली. एकतर्फी हुकूम रद्द. वादीने आज पाच वाजता जातीने हजर राहावे. न आल्यास दावा निकालात काढला जाईल."

"मॅडम, हे… हे काय दिलंत?"

सुलक्षणा मॅडमनी मूळ फाइल उघडून दाखवली. तेच पान. कडा झडलेल्या, शाई विटकी, टाचणीचा गंज कागदात उतरलेला. "जे फाइलीत आहे तेच देते मी, ताई. अक्षर मी वाचत बसत नाही. पाच वाजता कुलूप लावायचंय मला."

मेघाने व्हरांड्यात येऊन घरी फोन लावला. सासूबाईंनी, यशोदाबाईंनी उचलला. आवाज घाबराघुबरा.

"मेघा, कुठं आहेस ग? अगं, नाना उठून बसलेत. आपले आपण! टोपी मागताहेत. 'माझं नाव पुकारताहेत' असं म्हणताहेत… इथं तर कोणीच नाही ग…"

आणि तेव्हा मेघालाही ऐकू आलं. तोच खडा आवाज, आता जवळून, कुलूपबंद दाराच्या आतून.

"सुकदेव श्रावण पाटीऽऽल… हाजिर होऽऽ!"

ओ दिली नाही तर दावा गेला. रस्ता गेला, बाग गेली, वर्षाची मेहनत मातीत. आणि ओ दिली तर… मघाशी ओ दिलेला म्हातारा त्याच कुलूपबंद दाराआड गेला होता. दुसरी हाक आली. मेघाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. सडू दे केळी, तिने मनाशी म्हटलं. सडू दे. नाना, गप्प राहा. एवढी एक हाक जाऊ द्या.

"आई, त्यांच्या तोंडावर हात ठेवा!" ती फोनमध्ये किंचाळली. "बोलू देऊ नका त्यांना!"

"अगं पण का…"

तिसरी हाक झाली. फोनमधून नानांचा आवाज आला, दोन वर्षांत कोणी ऐकला नव्हता असा, भरदार.

"हजर!"

नंतर यशोदाबाई अगदी हळू बोलल्या. "आडवे झाले ग… टोपी घातली आणि आडवे झाले. हात गार लागतोय, मेघा…"

मेघा तशीच उभी राहिली. फोन कानाला, नक्कल मुठीत. मागे सुलक्षणा मॅडम चाव्या वाजवत बाहेर आल्या.

"ताई, चला आता. आणि बाकावरच्या त्या दोघा आबांना पण घेऊन जा. तुमच्याच घरचे ना?"

मेघाने मागे वळून पाहिलं नाही. नळ टपटपत होता, पंखा थांबला होता. पाठीमागून, नानांच्या अगदी थकलेल्या आवाजात कोणीतरी विचारलं,

"मॅडम… पुढची तारीख कोणती?"