तिसऱ्या जोडावरची लाल रेघ

रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. इंधनाच्या नळीवरचा तिसरा नट सैल सापडला.

वेळ मी तेव्हाच लिहून ठेवली. यात पदरचं काही नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, आणि ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, दोघांनी शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधलं होतं. भाऊजी भारी काटेकोर. नट आवळला की ताईच्या नेलपॉलिशने त्यावर लाल रेघ ओढायचे. अर्धी नटावर, अर्धी जोडावर. नट हलला तर रेघ तुटते.

"माझी बाटली संपवलीत. आता विमानच मिरवा," ताई म्हणायची.

तेच विमान पडून भाऊजी गेले. दोन वर्षं झाली.

टाकीपासूनचा तिसरा जोड गळत होता, असं तपासात निघालं. तो मोटारीचा होता. आटे जुळतात, पण आतल्या तोंडाचा उतार वेगळा. नीट बसत नाही.

"त्यांनीच बसवला. मी नको म्हणत होतो," दादाने ताईला सांगितलं.

आपल्याच हाताने मेला, असं लोक म्हणाले. ताईच्या तोंडावर.

दादाने दुसरं विमान बांधायला घेतलं. या वेळी सगळे जोड विमानाचेच, अकरा. तरी तिसरा नट...

तीन रविवार तेच.

चौथ्या रविवारी मी स्वतः आवळला. ठरलेला जोर लागला की वाजणारा पाना असतो. तो वाजला. टक्. रेघ ओढली, शेडला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात, पाना माझ्या पिशवीत.

अर्ध्या तासाने उघडलं.

रेघ तुटलेली. नट पाव फेरा मागे.

"हादऱ्याने होतं असं," दादा म्हणाला.

"कसला हादरा? इंजिन बसवलंय कुठे अजून?"

मी पुन्हा आवळून कुलूप लावलं. बाहेर बाकावर बसल्यावर तो बोलला.

"विमानाचा जोड यायला तीन आठवडे होते. मी मोटारीचा आणला. भाऊजी घरी गेले होते तेव्हा बसवला. आणि..."

"आणि काय?"

"रेघ मीच ओढली. रेघ दिसली की ते पुन्हा बघायचे नाहीत."

"ताईला सांग."

"आता काय उपयोग? गेलेला माणूस परत येणार आहे का?"

कुलूपबंद शेडमधून आवाज आला...

टक्.

पाना माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता.

त्या दिवशी आम्ही कुलूप काढलं नाही.

त्याला सात महिने झाले. दादाने इंजिन बसवलं. दर रविवारी तो तिसरा नट आवळतो, माझ्याकडे बघत नाही.

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शेड मी उघडली.

अकराच्या अकरा रेघा तुटलेल्या होत्या.

पहिलं उड्डाण पुढच्या रविवारी ठरलं आहे. दादाने ताईला अजून सांगितलेलं नाही.

मीही नाही.