छोट्या तोंडाचा चिमटा

माणूस कशावर पैसे वाचवतो हे एकदा पाहिलं, की डॉ. ज्योतीला त्याची पत्रिका मांडावी लागत नसे. नगरच्या त्या हॉस्पिटलचे मालक, मोठे सर, स्वतःच्या केबिनला दरवर्षी नवी फरशी बसवत. आणि एकदा वापरून फेकायचा बायोप्सीचा चिमटा धुऊन पुन्हा टेबलावर पाठवत.

तिसगावचे रंभाजी टेबलावर कुशीवर, गुंगीत होते; तोंडातून दुर्बिणीची नळी आत गेलेली, समोरच्या पडद्यावर त्यांची अन्ननलिका दिसत होती. वर्षानुवर्षं उलटून येणाऱ्या आम्लाने त्यांच्या अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदललं होतं. बॅरेट म्हणतात त्याला. आत कॅन्सर दबा धरून आहे का, ते चहूबाजूंनी तुकडे काढल्याशिवाय कळत नाही. मागच्या वेळी छोट्या चिमट्याने काढले, तर लॅबने कळवलं, नमुना अपुरा. त्यात वर्ष गेलं.

आत येताना लंकाबाईंनी, रंभाजींच्या बायकोने, ज्योतीचा हात धरला होता. "डॉक्टरीणबाई, गेल्या बारीला तुकडा पुरला न्हाई म्हनले. मानसाचा गळा हाय त्यो, चिंधी न्हाई सारखी कातरायला."

ज्योतीने मोठ्या जबड्याचा चिमटा मागवला होता. स्टोअर सांभाळणारा गोरक्षनाथ घेऊन आला तो जुनाच, छोटा.

"मोठे कुलपात आहेत मॅडम. सर म्हणाले, आधी जुने संपवा."

"हा चावतो तरी का?"

"तोंड बारीक आहे, पण खातो चांगला," म्हणत तो सहीसाठी दाराशीच रेंगाळला.

ज्योतीची कानशिलं तापली. पेशंटला उठवून परत पाठवायचं, तर तो पुन्हा येईल याची खात्री कोण देणार? तिने दात आवळून चिमट्याची लांब तार दुर्बिणीतून आत सरकवली. तारेची मूठ नर्स सुकन्याच्या हातात होती; ज्योती म्हणेल तसा ती जबडा उघडायची, मिटायची.

"ओपन." पडद्यावर इवलासा जबडा उघडला. "क्लोज."

तार बाहेर आली. सुकन्याने तुकडा बाटलीत सोडला आणि थबकली. "मॅडम, केवढा!"

त्या जबड्यात मावणार नाही एवढा. जाड, ओला, गुलाबी.

ज्योतीने पडद्याकडे पाहिलं. चावा घेतला की रक्ताचा ठिपका येतो, येतोच. रंभाजींचं अस्तर मात्र हातही न लागल्यासारखं गुळगुळीत होतं.

दाराशी गोरक्षनाथ खाकरला.

"ओपन. क्लोज."

दुसरा तुकडा आणखी मोठा. पडद्यावर ओरखडाही नाही.

"मॅडम," गोरक्षनाथने छातीवर मूठ दाबली, "घशाखाली काहीतरी टोचतंय..."

"गप्प उभे राहा."

या वेळी तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. त्याच्याकडे पाहिलं.

"ओपन."

गोरक्षनाथचं तोंड उघडलं.

"क्लोज."

तो कमरेत वाकला. रुमाल तोंडाला लावून काढला, तेव्हा त्यावर लाळेची लाल तार लोंबत होती.

"किल्ली," ज्योती म्हणाली.

नवं पाकीट आलं. मोठ्या जबड्याने पहिला चावा घेतला आणि पडद्यावर रक्ताचा ठिपका उमलला. ज्योतीने रोखलेला श्वास सोडला. चारही बाजूंचे तुकडे निघाले, भरघोस.

"आधीच्या बाटल्यांवर नाव कोणाचं घालू?" सुकन्याने हळूच विचारलं.

"कोणाचंच नको."

जुना चिमटा कचऱ्यात टाकायचा होता. ज्योतीने वेटोळं करून तो एप्रनच्या खिशात घातला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"रंभाजीचा रिपोर्ट आला म्हणे?"

"पेशी बिघडायला लागल्यात. वेळेत सापडलं, इलाज होईल."

"मग झालं तर! त्यासाठी महागाचं पाकीट कशाला फोडायचं? छोट्याने भागलं असतं." ते हसले. "आणि त्या गोरक्षनाथला एवढं काय बोललात हो? आठवडाभर पेजेवर आहे बिचारा."

"मागच्या वर्षी छोट्यानेच काढले होते, सर. गेलं ना वर्ष."

"अहो, खेड्यातली माणसं. त्यांना काय कळतंय, कुठला चिमटा आत गेला ते? जुने संपवा आधी."

ज्योतीच्या डोक्यात रक्त चढलं. तिने दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले. खिशातली ती साधी तार आहे, तिने स्वतःला बजावलं. धुऊन झिजलेली तार.

सरांनी चहाचा कप उचलला, ओठांशी नेला. तोंड उघडलं.

ते उघडंच राहिलं. कप हवेत थांबला. डोळे ज्योतीकडे वळले.

एप्रनच्या खिशात काहीतरी हललं. कापडावर आतून दोन बारीक टोकं उमटली, एकमेकांपासून दूर होत गेली.

ज्योतीचे हात अजून पाठीमागेच होते.