घेतलंय, हात सोड

कुणाला पटेल, कुणाला नाही. मी पटवायला बसलेलो नाही. ज्या दोघांच्या बाबतीत हे घडलं ती दोघंही आज पिंपळे सौदागरला राहतात, रोज कामाला जातात. स्वरूपा माझी मावसबहीण. तिनं हे मला दोनदा सांगितलं, मध्ये सहा महिने गेले होते, आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

डिसेंबर २०२३. महिन्यातला तिसरा रविवार.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि लख्ख ऊन होतं.

जागा चाकणच्या पुढे, भामा नदीच्या खोऱ्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उगाच कुणी बघायला जायचं.

स्वरूपा चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिच्या हातातून एकही पार्ट मोजल्याशिवाय पुढे जात नाही. नवरा गणराज, ताथवड्याला कॉलेजात शिकवतो. दोघांची ओळखच कातळ चढताना झालेली. लग्नानंतरही सुट्टी मिळाली की गाडीत दोर टाकायचा आणि एखादा छोटा कातळ गाठायचा, हेच त्यांचं फिरणं.

त्या आठवड्यात मात्र घरात अबोला होता.

स्वरूपाला कंपनीनं दोन वर्षांसाठी चेन्नईच्या प्लांटवर जाशील का म्हणून विचारलं होतं. तिनं गणराजला न विचारता हो म्हणून टाकलं. बुधवारी त्याला कळलं. तो ओरडला नाही, काही बोललाच नाही. चार दिवस घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

रविवारी सकाळी तोच म्हणाला, "चल, कातळावर जाऊ."

ती लगेच तयार झाली.

कातळ फार मोठा नाही. चाळीस-पंचेचाळीस फूट. पायथ्याशी मोठमोठे धोंडे, समोर ओढा. माथ्यावर अंजनाचं एक जाड झाड. त्या झाडाला दोर अडकवायचा. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं खाली उभ्या माणसाच्या हातात. वरच्याचा पाय सुटला की खालच्यानं दोर आवळायचा. त्याला बिले देणं म्हणतात. सगळा जीव त्या खालच्या माणसावर.

या कातळाची एकच अडचण होती. पंचवीस फुटांवर दगडाचं मोठं पोट बाहेर आलेलं आहे. त्याच्या वर गेलेला माणूस खालून दिसत नाही. थेट माथ्यावर पोचला की मगच पुन्हा दिसतो.

मधल्या टप्प्यात फक्त आवाजावर भरवसा.

स्वरूपा एकदा चढली. माथ्यावर पोचून ओरडली, "पोचले! दोर सोड!" आणि बाजूच्या पायवाटेनं खाली आली. मग गणराज चढला. सगळं व्यवस्थित.

ओढ्यापलीकडच्या उतारावर एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. ती मधूनमधून यांच्याकडे बघून हसत होती.

मग स्वरूपा दुसऱ्यांदा चढायला लागली. या वेळी अवघड बाजूनं.

पोट ओलांडलं. गणराज दिसेनासा झाला. अजून दहा-बारा फूट बाकी होते आणि तिच्या बोटांतला जोर संपला.

"गणराज, घे!" ती ओरडली. म्हणजे दोर आवळ, मला दम खायचाय.

खालून लगेच आवाज आला.

"घेतलंय. हात सोड."

गणराजचाच आवाज. अगदी तोच, थोडा घोगरा.

तिनं एक हात सोडला. अंग मागे टाकणार, एवढ्यात…

तिची नजर दोरावर गेली.

दोर ढिला होता.

तोंडासमोर त्याला चांगला हातभर झोळ पडला होता. वाऱ्यावर हलत होता. आवळलेला दोर असा हलत नाही.

"अजून घे! ढिला आहे!"

"घेतलंय. हात सोड."

झोळ तसाच.

"अरे, घेतलं नाहीस तू!"

"घेतलंय. हात सोड."

इथं तिला पहिल्यांदा खटकलं. गणराजला एकच गोष्ट तीनदा सांगायला लागली की तो चिडतो. हा आवाज चिडत नव्हता. तिन्ही वेळा तेच शब्द. तोच सूर. एका साच्यातून काढल्यासारखे.

तिनं एका हातानं आपल्या बाजूचा दोर खाली ओढला.

तो सरळ आला. हातभर… दोन हात… आणखी.

पलीकडचं टोक कुणी धरलेलंच नव्हतं.

खाली पस्तीस फूट आणि ते धोंडे. तिला आधी भूतबित काही सुचलं नाही. तिला सुचलं ते वेगळंच…

चेन्नई. बुधवार. चार दिवसांचा अबोला.

आणि आज अचानक "चल, कातळावर जाऊ."

कुठून बुद्धी झाली कोण जाणे, तिनं ओरडून विचारलं, "गणराज! माझ्या आईचं नाव काय?"

खाली शांतता.

ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येईना.

आणि मग आवाज आला. पण खालून नाही…

दगडाच्या पोटाच्या अगदी कडेवरून. तिच्या टाचांच्या खाली दोन हातांवरून. हळू आवाजात, लाडानं.

"सोड ना."

तिनं खाली बघितलं नाही. पुढचे दहा फूट कशी चढली ते तिला आजही सांगता येत नाही. बोटांची सालटी निघाली, एक नख मुळापासून गेलं. माथ्यावर पोचली आणि अंजनाच्या बुंध्याला मिठी मारून पडून राहिली.

बऱ्याच वेळानं कडेला येऊन खाली बघितलं.

गणराज पायथ्याशी नव्हता.

तो लांब, गाडीजवळ होता. बूट काढून सतरंजीवर बसलेला. थर्मासमधून दोन कपांत चहा ओतत होता. दोराचं टोक धोंड्यांत तसंच पडलं होतं. तिला बघून त्यानं हात हलवला.

ती खाली आली ती पळतच.

"दोर का सोडलास?"

तिचे हात बघून त्याच्या हातातला कप पडला. "हे काय झालं? पडलीस?"

"दोर का सोडलास ते सांग आधी!"

"तूच म्हणालीस की. पोचले, दोर सोड. दहा मिनिटं झाली त्याला."

"मी असं काहीही म्हणाले नाही."

"स्वरू, मी परत विचारलं तुला. नक्की ना? तू म्हणालीस, नक्की, सोड ना."

सोड ना.

तिनं अजून त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणजे हा खरं बोलतोय? की मगाशी तिथं कडेवर… हाच होता?

"तुला काय वाटतंय?" गणराजचा चेहरा पांढरा पडला. "मी मुद्दाम सोडला दोर? चेन्नईवरून?"

तिनं मान फिरवली. तेच त्याला पुरेसं होतं.

दोघं ओढा ओलांडून त्या म्हातारीकडे गेले. रुक्मिणीबाई नाव तिचं, खालच्याच वस्तीवरची. स्वरूपानं विचारलं, "आजी, तुम्ही इथंच होतात ना? आमचा आवाज ऐकलात का आत्ता?"

"मगाशी लई कालवा करत व्हता की," रुक्मिणीबाई म्हणाली. "पर तू दुसऱ्यांदा चढलीस ना, तवापासून न्हाई. तुजं तोंड हालताना दिसत व्हतं, बाई. आवाज न्हाई. मी म्हनलं, आपलेच कान गेले का काय. पर शेळ्यांच्या घंटा ऐकू येत व्हत्या."

"आणि हे? हे बोलत होते का?"

"ते धोंड्याआड व्हते. मला दिसलं न्हाई."

गणराजनं विचारलं, "आजी, इथं काही आहे का?"

म्हातारी उठली. शेळ्या वळवायला लागली.

"त्या दगडापाशी आमी एकमेकाला हाका मारत न्हाई. काय बोलायचं ते जवळ जाऊन बोलतो."

"का पण?"

"न्हाई मारत. माज्या सासूनं सांगितलं, मी पाळलं. का म्हनून तिलाबी म्हाईत नव्हतं."

आणि ती निघून गेली.

घरी येताना स्वरूपा गाडीत मागच्या सीटवर बसली. चाकणच्या चौकात तासभर अडकले तरी पुढे आली नाही.

स्वरूपा चेन्नईला गेली नाही. लोकांना वाटलं नवऱ्यानं जाऊ दिलं नाही. खरं तर तिनंच नकार कळवला. दोन वर्षं लांब राहून फोनवर त्याचा नुसता आवाज ऐकायचा, हे तिला झेपणारं नव्हतं. दोर तिनं कोयत्यानं तुकडे करून टाकून दिला.

गणराजवरचा संशय हळूहळू निवत होता. तो तसा माणूस नाही, हे तिनं स्वतःला पुष्कळदा समजावलं. एप्रिलपर्यंत जवळजवळ पटलंही होतं.

मग एका संध्याकाळी ती ओट्यापाशी भाजी निवडत होती. गणराज दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ तिच्याकडे बघत होता.

"काय रे?"

"एक गोष्ट तुला सांगितली नाही मी," तो म्हणाला. "त्या दिवशी मी नुसत्या आवाजावर दोर सोडला नव्हता. मी काय नवखा आहे का?"

"मग?"

"चार पावलं मागे येऊन वर बघितलं मी. तू माथ्यावर बसली होतीस. झाडाखाली, पाय खाली सोडून. तेच कपडे, तेच हेल्मेट. माझ्याकडे बघून हसलीस. चार दिवसांनी पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं…"

त्यानं दाराची चौकट धरली.

"म्हणून सोडला दोर. चहा ओतायला गेलो."

स्वरूपा त्या वेळी माथ्याखाली दहा फुटांवर होती. कातळाला चिकटलेली.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

गणराजनं उत्तर दिलं, पण तो तिच्या डोळ्यांत बघत नव्हता.

"कारण माथ्यावरून खाली आलेली तू, त्या दोघींतली कोण, ते मला अजून नक्की कळलेलं नाही."

स्वरूपा म्हणते, हे सगळं त्यानं रचलेलं असू शकतं. स्वतःला वाचवायला माणूस काय काय रचतो. रुक्मिणीबाईला एकच गोष्ट विचारायची राहून गेली, की स्वरूपा चढत असताना माथ्यावर कुणी बसलं होतं का. तेवढं कळलं तर एक काय ते ठरेल.

मी म्हटलं, मग जाऊ या, मी येतो बरोबर.

तिनं मान हलवली. "आणि ती हो म्हणाली तर?"