नऊ जण आणि एक सुतार

त्याने दाराच्या चौकटीला हात लावला, बोट ओठांशी नेलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, चौकटीवर एक छोटी पितळी नळी आहे. तिच्यात देवाचं वचन लिहिलेली पट्टी असते. आमच्यातला माणूस आत येताना तिला हात लावतो आणि ती बोटं ओठांना टेकवतो. एरवी हे सगळं मीच पाहुण्यांना समजावून सांगते. ही जुनी इमारत दाखवणं हेच माझं काम. त्या दिवशी मात्र पाहुण्यांना दार बंद होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्यासाठी कद्दीश म्हणायचं होतं — गेलेल्या माणसामागे म्हणायची आमची प्रार्थना — आणि तिला दहा पुरुष लागतात. आमच्यातलेच दहा. नऊ असले, तर ती म्हणताच येत नाही.

इथे आता आमचे पुरुष उरलेत अकरा. त्यातले एक अंथरुणाला खिळलेले, आणि एक माझा सख्खा काका. इमारत लोकांना दाखवायची असं बाबांनी ठरवलं, तेव्हा तो कडाडून भांडला होता. हे देवाचं घर आहे, अजबखाना नाही, असं म्हणून गेला तो सहा वर्षं फिरकला नाही. बाबांना शेवटचं नेलं तेव्हाही रस्त्यापलीकडेच उभा राहिला. ते मी विसरले नव्हते, आणि विसरायचा विचारही नव्हता.

सकाळी नऊच जण जमले. उरली होती दुपारची प्रार्थना, आणि तीही सूर्य मावळायच्या आत, कारण आमचा दिवस सूर्याबरोबर संपतो. समितीच्या सेक्रेटरींनी बाहेरगावच्या कुटुंबांना पत्रं टाकली होती, पण एकाचंही उत्तर नव्हतं. नऊ म्हातारे बाकांवर बसून दाराकडे बघत होते, आणि मी दारात उभी राहून रस्त्याकडे.

आणि हा आला. उंच, घामाघूम, डोक्याला रुमाल बांधलेला...

"पत्र मिळालं तुम्हाला?" मी विचारलं.

"मिळालं, म्हणून तर आलो. उशीर झाला का?"

"आणखी झाला असता, तर जन्मात माफ केलं नसतं."

"जन्मात?" तो हसला. "म्हणजे ओळख बरीच लांबवायचा विचार दिसतोय."

एरवी असं बोलणाऱ्याला मी तिथेच सरळ केलं असतं. पण त्याचे डोळे असे काही होते की — असो. मी त्याला जवळजवळ ओढतच आत नेलं, बाकावर बसवलं, हातात प्रार्थनेचं पुस्तक दिलं आणि जिना चढून वर बायकांच्या सज्जात गेले.

वरून पाहिलं, तर तो बाकाच्या पाठीवरून हात फिरवत होता, सांधे चाचपत होता. मग त्याने पुस्तक उघडलं. इतर पुस्तकं संपतात तिथून आमची हिब्रू पुस्तकं सुरू होतात. त्याने उघडलं ते नेमकं शेवटचं पान, आणि तेही उलटं.

हा आमच्यातला नव्हता!

खरं सांगते, मी लगेच उठले नाही. खाली डोकी दहा होती. बाकावरचं ऊन भिंतीवर चढलं होतं. मी गप्प बसले, तर बाबांचं कद्दीश होणार होतं... तेवढ्यात त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही. मी खाली गेले आणि खुणेनं त्याला व्हरांड्यात बोलावलं.

"कोण आहात तुम्ही?"

"सुतार. सज्जाचा कठडा हलतोय, बघून जा, असं तुमच्या समितीचं पत्र होतं."

"मग चौकटीला हात का लावलात?"

"वाळवी आहे का ते बघत होतो. लाकूड घुसलं बोटात, म्हणून तोंडात घातलं." त्याने बोट पुढे केलं. खरंच रक्ताचा ठिपका होता. मग त्याचा आवाज उतरला. बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी त्याचा हात धरून म्हटलं होतं, देवानंच धाडलं तुला. तेव्हा कुठे सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं.

"तसेच बसाल का?" माझ्या तोंडून निघून गेलं. "कुणाला कळणार नाही."

"तुम्ही म्हणाल तर बसेन."

बाबा याच व्हरांड्यात उभे राहून माणसं मोजायचे. नऊच भरले, की मुकाट्यानं सगळ्यांना घरी पाठवायचे. त्यांच्याच नावानं खोटी मोजणी करणार होते मी.

"नको," मी म्हटलं. शरमेनं माझी मान वर होईना.

"दुसरं कुणीच नाही?"

"काका आहे. पण त्याच्या दारात मी जाणार नाही."

"किती लांब आहे दार?"

"दोन गल्ल्या."

"मग चला. रागावत रागावत चला, पण चला."

काकाचं दार उघडंच होतं. आत समोरच खुर्चीवर तो बसला होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, बुटांच्या नाड्यासुद्धा बांधलेल्या. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं मी विसरले.

"सकाळपासून बसलोय," तो म्हणाला. "वाटलं, कुणीतरी बोलवायला येईल."

"तुला बोलावणं लागतं, काका?"

"भांडून गेलेल्याला लागतं, पोरी."

परतताना ऊन छपरांना टेकलं होतं. काकाचे गुडघे साथ देईनात. सुतारानं त्याचा दंड धरला, आणि आम्ही जवळजवळ पळतच निघालो.

"हा कोण?" काकानं धापा टाकत विचारलं.

"सुतार आहे. मोजणीतला नाही."

"मग एवढा धावतोय कशाला?"

आम्ही दोघांनीही पावलं आणखी उचलली.

दारात पोचल्यावर सुतार बाहेरच थांबला. काकानं मागे वळून पाहिलं. "मोजता येणार नाही तुला," तो म्हणाला, "पण बसायला कुणी मनाई केलीय?" आणि स्वतःच्या हातानं त्याला शेवटच्या बाकावर बसवलं.

कद्दीश काकानंच म्हटलं. भावासाठी भावानं. दोनदा त्याचा आवाज फुटला, आणि दोन्ही वेळा त्या नऊ म्हाताऱ्यांनी तो सावरून धरला. सज्जात मी मनसोक्त रडले.

बाहेर आले, तेव्हा सूर्य गेला होता. सुतार पायरीवर बसला होता.

"मी नको म्हटलं नसतं, तर खरंच बसला असतात?"

"बसलो असतो."

"का?"

तो जरा अडखळला. "तुम्ही दारात उभ्या होतात ना... तशी माझी वाट आजवर कुणी पाहिली नव्हती. ती माझी नव्हती, हे कळलं. तरी उठवेना."

आतून काका मला हाका मारत होता. घरचे काय म्हणतील, ही काळजी उद्यापासून होतीच.

"उद्या कठडा बघायला या. मी दारात उभी असेन," मी म्हटलं. "तुमचीच वाट बघत."