कळसावरचा सहा नंबर

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

हे माझ्या मावसभावाच्या, दयानंदच्या बाबतीत घडलं. साल २००९, चैत्रातली यात्रा, मुळशी तालुक्यात उरवड्याच्या पुढची एक वाडी. वाडीचं नाव सांगत नाही. माणसं अजून तिथंच नांदतायत.

दयानंद मूळचा उदगीरचा. पिरंगुटच्या कंपनीत कॉम्प्युटरवर नोकरी आणि वाडीत कुशाबा तात्यांच्या घरी भाड्याची खोली. गड्याला दिव्यांचं भारी वेड. कॉम्प्युटरवर क्रम लावून ठेवायचा, की देवळाचे दिवे ढोलाच्या ठेक्यावर आपोआप रंग बदलायचे. वर चढून वायर जोडायचं काम तात्यांचं. खाली बटणापाशी हा.

तात्यांनी त्याला एकच नियम शिकवला होता. बटण दाबण्याआधी ओरडून विचारायचं, "टाकू का?" वरून "टाक!" असं आलं, तरच हात लावायचा.

२००८च्या यात्रेत दयानंदने विचारलं. ढोल जोरात होते. उत्तर ऐकू आलं नाही. पालखी निघायची घाई...

याने बटण दाबलं.

तात्या शॉक बसून कळसाजवळून खाली पडले, ते उठलेच नाहीत.

वायर खराब होती, असं सगळे म्हणाले. दयानंदनेही मान हलवली. आपण उत्तराची वाट पाहिली नाही, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. तात्यांच्या बायकोने, गोजराबाई मावशींनी त्याला खोली सोडू दिली नाही. दोन्ही वेळा जेवू घातलं.

वर्षभर त्याने एकच ध्यास घेतला. पुढच्या यात्रेला कळसापर्यंत वायर न्यायचीच नाही. त्याने बिनतारी डीएमएक्सचा संच मागवला. कॉम्प्युटरला जोडलेला एक डबा हवेतून हुकूम सोडतो. प्रत्येक दिव्याला नंबर असतो. आपल्या नंबरचा हुकूम आला, की तो दिवा लागतो. दिवे सगळे बॅटरीवर. पाच देवळाच्या अंगणात, सहावा कळसावर.

सहावा तात्यांच्या नावाचा. पालखी त्याच्याच उजेडात निघेल, असा शब्द त्याने मावशींना दिला होता.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा हुकूम एकाच बाजूने जातो. दिव्याकडून उलट काहीच येत नाही.

दुपारी त्याने तीनदा तपासलं. सहाही लागले.

तिन्हीसांजेला पालखी दारात आली. दयानंदने कळ दाबली.

एक, दोन, तीन, चार, पाच...

कळस काळाच.

पुन्हा दाबली. काळाच.

वाल्मीक गुरव शिडीवरून वर गेला. "हिरवी बत्ती लागलीया की! बॅटरी बी भरल्याली हाय. दिवा तेवढा लागंना!"

म्हणजे हुकूम पोचत होता.

वाल्मीक खाली उतरला. दयानंदने डबा बंद करून चालू केला. जागा बदलली. अँटेना हातात धरून अंगणभर फिरला. माणसं ताटकळली.

"ऱ्हाऊ दे की आता," यात्रेचे पुढारी अण्णासाहेब म्हणाले. "पाच लागल्यात, लई झालं."

"नाही हो, तो लागलाच पाहिजे!" दयानंद जवळजवळ रडतच बोलला.

तेव्हा गोजराबाई मावशी त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या,

"इचारलंस का त्यास्नी?"



त्याने कळसाकडे तोंड केलं. मग कसाबसा ओरडला, "तात्या... टाकू का?"

ढोल थांबले. कुणी सांगितलं नव्हतं.

रातकिडेही गप्प झाले.

आणि वरून आलं...

"थांब."

तात्यांचाच आवाज. जरा घाईचा, दोन्ही हात कामात गुंतलेल्या माणसाचा असतो तसा.

वर कुणी नव्हतं. शिडी वाल्मीकच्या हातात, जमिनीवर होती. बाकी कुणाला काही ऐकूच आलं नव्हतं.

"काय म्हनले?" मावशींनी विचारलं.

"थांब म्हणाले."

"मग थांब."

शेवटी पालखी पाच दिव्यांतच निघाली. गर्दी तिच्यामागे गेली. अंगणात दोघंच उरले. दयानंदला राहवेना.

"मावशी... गेल्या साली मी थांबलो नव्हतो."

मावशींनी कळसाकडे पाहिलं.

"म्हाईत हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"त्येच सांगत्यात. सांजचं दिवा लावाया गेलं, की रोज."

मग रोजच्यासारखंच म्हणाल्या, "चल. जेवाया."

त्याच महिन्यात दयानंदने खोली सोडली. आता तो महाळुंग्याला फ्लॅटमध्ये राहतो, मीही त्याच्याकडेच असतो. दर वर्षी यात्रेच्या संध्याकाळी तो डबा पिशवीत घालून वाडीला जातो. डबा जोडतो. विचारतो. जाताना मला सांगून जातो, "या वर्षी टाक म्हणतील बघ."

परत आल्यावर मी काही विचारत नाही.

दार उघडतं. दिव्याच्या बटणाकडे तो हात नेतो, थांबतो... मग अंधारातच चपला काढतो.